गंजलेला बिडाचा तवा भंगारात देण्याआधी

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगली जिल्ह्यातल्या भिलवडीतल्या आमच्या घरात शिरलं. ओसरल्यावर आधी चिखल काढला, मग भांडी बाहेर आणली. स्टीलची घासूनपुसून मांडणीवर परत गेली, नॉनस्टिकची टाकून दिली. उरली तीन : आज्जीचा बिडाचा तवा, एक आप्पेपात्र आणि एक खोल कढई. तिन्हींवर विटकरी गंज चढलेला, त्यात गाळ घट्ट बसलेला. भंगारवाला दारात उभा होता. मी भांडी उचलून त्याच्या काट्याकडे निघालो, तेवढ्यात आज्जी ओसरीवरून ओरडली, "आरं, बीड हाय ते! गंजून कुटं मरतंय? आदी वाजवून तर बघ."

वाजवून बघितलं. तवा खणखणला, आप्पेपात्रही खणखणलं. कढई मात्र बद्द वाजली. ती धुऊन उन्हात धरली तेव्हा काठापासून बुडाकडे गेलेला केसाएवढा तडा दिसला. कढई काट्यावर गेली. बाकीची दोन्ही भांडी आजही आमच्या गॅसवर असतात.

हे काम पहिल्यांदाच करणाऱ्याला मी हेच आधी सांगतो : बीड तड्यानं जातं, गंजानं नाही. गंज कितीही भयानक दिसला तरी बहुतेक वेळा तो वरवरचा असतो आणि घरच्या घरी निघतो. तड्याला घरी इलाज नाही. तडा गेलेलं भांडं तापल्यावर कधी दुभंगेल सांगता येत नाही, आणि त्यात गरम तेल असेल तर ते अंगावर येईल. म्हणून सुरुवात वाजवण्यापासून करायची. भांडं कानाला किंवा दांडीला धरून लोंबकळतं ठेवा आणि लाकडी पळीनं हलकेच ठोका. आवाज लांबत गेला तर पुढचं वाचा.

बीड ओळखायचं कसं? बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्यात साधारण २ ते ४ टक्के कार्बन असतो. त्यामुळे ते १,२०० अंशांच्या आसपासच वितळतं (शुद्ध लोखंडाला १,५३८ अंश लागतात) आणि वाळूच्या साच्यात सहज ओतता येतं. त्याच कार्बनमुळे ते ठिसूळ होतं. पत्र्याचा लोखंडी तवा पडला तर पोचा येतो, बिडाचा पडला तर तुकडा उडतो. बिडाचं भांडं जाड, हाताला जड, पाठीमागून किंचित खरखरीत असतं, आणि पाठीवर किंवा काठावर कुठेतरी ओतकामाचा वण असतो. चुंबक लावून बघा. चिकटला नाही तर ते हिंडालियम आहे, त्याला यातलं काहीही करायचं नाही. कॉस्टिक सोडा तर ॲल्युमिनियम खाऊनच टाकतो. आत चिनी मातीसारखा चकचकीत मुलामा असेल तरी ही पद्धत चालणार नाही. आणि कल्हईबद्दल लोक हमखास विचारतात : बिडाला कल्हई लागत नाही, ती तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी.

आमच्या भागात बिडाचं कौतुक असणं साहजिक आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या कुंडलजवळच्या माळरानावर कारखाना उभा केला, तिथून लोखंडी नांगर शेतात गेले, आणि त्या माळाची किर्लोस्करवाडी झाली. माझे आजोबा तिथल्या फौंड्रीत साचे बांधायचे. वाळू किती ओली हवी हे ते मूठ वळून सांगत. तवा हातात घेतला की ते आधी पालथा करून पाठ बघायचे. मलाही तीच सवय लागली आहे. पुढची बाजू घासून कुणीही चकाकवतं, पाठीवर भांड्याचा खरा इतिहास असतो.

इतिहासावरून एक गंभीर गोष्ट. भंगारातून किंवा आठवडे बाजारातून अनोळखी कढई घेतली असेल तर तिच्यात कुणी शिसं वितळवलेलं नाही ना, याचा विचार करा. नदीकाठच्या गावांत जाळ्याला लावायचे शिशाचे मणी ओतायला जुनी खोलगट भांडी वापरली जातात. जुन्या बॅटऱ्यांचं शिसंही असंच वितळवतात. आत राखाडी, मऊ, नखानं ओरखडा उठेल असे थेंब किंवा डाग दिसले तर त्या भांड्यात अन्न शिजवू नका. शिसं विषारी आहे आणि बिडाच्या छिद्रांतून ते पूर्ण निघाल्याची खात्री घरी करता येत नाही. अशी कढई झाड लावायलाही नको. घरातल्या, माहितीतल्या भांड्याला हा प्रश्न नाही, म्हणून पहिला प्रयोग आजीच्या किंवा आत्याच्या माळ्यावरच्या तव्यावर करा.

आता भांड्यावर नक्की काय बसलंय ते बघा. लाल-केशरी भुकटी बोटाला लागते तो गंज. काळी, डांबरासारखी जाड, काठाकडे खपली धरलेली असते ती वर्षानुवर्षांची जळकी तेलकट कीट. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि दोन्ही असतील तर आधी कीट, मग गंज.

कीट काढायची सोपी वाटणारी रीत म्हणजे भांडं होळीत किंवा भर पेटत्या चुलीत टाकणं. गावाकडे कुणीतरी हा सल्ला देईलच. कीट जळते हे खरं, पण बीड लाल होईपर्यंत तापलं की वाकडं होतं, तडकतं, किंवा त्यावर असे तांबूस डाग पडतात की पुढे तेलाचा थर तिथे टिकतच नाही. आमच्या शेजारच्या काकूंचा फार सुंदर घावन तवा असा गेला. माझा जीव अजून हळहळतो.

कीट पातळ असेल तर खडे मीठ आणि थोडं तेल घालून नारळाच्या शेंडीनं घासा, मग गरम पाणी आणि तारेची घासणी. जाड असेल तर कॉस्टिक सोडा हा खरा उपाय. इथे तीन सोड्यांची गल्लत करू नका : खाण्याचा सोडा वेगळा, धुण्याचा सोडा वेगळा, कॉस्टिक सोडा वेगळा. कॉस्टिक कातडी आणि डोळे जाळतो. हार्डवेअरच्या दुकानात किंवा साबणाचं सामान विकणाऱ्याकडे मिळतो. ड्रेनेज मोकळं करायच्या पावडरी वापरू नका, त्यांत इतर पदार्थ मिसळलेले असू शकतात.

जाड प्लास्टिकच्या बादलीत २० लिटर गार पाणी घ्या आणि त्यात अर्धा किलो कॉस्टिक थोडा थोडा घाला. नेहमी पाण्यात कॉस्टिक, कॉस्टिकवर पाणी कधीच नाही. उलट केलं तर ते उसळून अंगावर येतं. पाणी आपोआप गरम होईल, घाबरू नका. हातात कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, अंगात पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट. काम उघड्यावर करा. ॲल्युमिनियमचं भांडं, चमचा, काहीही जवळ आणू नका. तवा तारेनं बांधून अलगद बुडवा, बादलीला झाकण लावा, वर दगड ठेवा आणि लहान मुलं, कुत्री, कोंबड्या पोचणार नाहीत अशा जागी ठेवून द्या. दोन-तीन दिवसांनी काढून घासा, परत बुडवा. आज्जीच्या तव्याला ९ दिवस लागले. कॉस्टिक लोखंडाला धक्का लावत नाही, त्यामुळे दिवस जास्त झाले तरी भांडं बिघडत नाही. घाई फक्त आपल्याला असते. अंगावर थेंब उडाला तर लगेच वाहत्या पाण्याखाली धरा. डोळ्यात गेला तर किमान १५ मिनिटं वाहत्या पाण्यानं धूत राहा आणि तडक दवाखाना गाठा. काम संपल्यावर ते पाणी परसात, ओढ्यात किंवा जनावरं तोंड घालतात अशा गटारीत ओतू नका. भरपूर पाण्यासोबत संडासात थोडं थोडं सोडा.

घरात लहान मुलं असतील आणि बादली दहा दिवस सांभाळणं शक्य नसेल तर हा उपाय करूच नका. मीठ, शेंडी आणि चार-सहा दुपारी घासणं, एवढ्यावरही बरंच काम होतं.

कीट गेली की खालचा गंज उघडा पडतो. त्याला आंबट लागतं. किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी एकत्र करा, भांडं त्यात पूर्ण बुडवा आणि घड्याळ लावून अर्ध्या तासानं काढा. घासा, बघा, गरज असेल तर परत अर्धा तास. रात्रभर ठेवू नका. व्हिनेगर गंज संपला की चांगलं लोखंड खायला लागतं आणि पृष्ठभाग खड्ड्याखड्ड्यांचा होतो. चिंचेचा कोळही चालतो, तो सौम्य आहे आणि वेळ जास्त घेतो. जुन्या बायका नवा तवा आणल्यावर तीन-चार दिवस तांदळाच्या पेजेत किंवा धुवणात भिजत ठेवत आणि रोज पाणी बदलत. आंबलेल्या पेजेतला हलका आंबटपणा साच्याची वाळू आणि वरचा गंज सैल करतो. नव्या तव्याला ती रीत मला आजही पटते. पुरातून आलेल्या तव्याला ती पुरत नाही.

कोपऱ्यातला, नक्षीतला गंज हट्टी असेल तर काही जण बॅटरी चार्जर लावून विजेनं गंज उतरवतात. चांगली पद्धत आहे, पण पहिल्या भांड्यासाठी नको. पुढे कधी केलीत तर दुसऱ्या टोकाला साधं लोखंड लावा, स्टेनलेस स्टील नको, त्यातून पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. ग्राइंडर तर अजिबात नको. त्यानं तवा आरशासारखा गुळगुळीत होतो आणि इतक्या गुळगुळीत बिडावर थर नीट धरणं अवघड जातं.

गंज गेल्यावर भांडं चांदीसारखं राखाडी दिसतं. खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यानं एकदा खळखळून घ्या म्हणजे उरलेला आंबटपणा जाईल. आणि मग ताबडतोब वाळवा. हा टप्पा नवखे लोक हमखास चुकवतात. उघडं ओलं बीड डोळ्यांदेखत, पाच मिनिटांत केशरी पडतं. फडक्यानं पुसून पाटीवर उन्हात ठेवू नका. पुसा आणि थेट मंद गॅसवर चढवा, थेंब न् थेंब उडेपर्यंत.

आता तेलाचं काम. तवा मुरवणं म्हणजे तव्यावर तेल साठवणं, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात पातळ तेल तापलं की हवेतल्या ऑक्सिजनसोबत त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि त्यांचा कडक, कोरडा पापुद्रा होतो. तो पापुद्रा म्हणजे तव्याची काळी चमक. हात लावला तर तो तेलकट लागत नाही. तेलकट लागला तर काम अर्धं राहिलंय.

कोणतं तेल? तेल किती सहज असं वाळतं याचा एक मापदंड आहे, आयोडीन मूल्य. खोबरेल तेलाचं ते १० च्या आत-बाहेर असतं, म्हणून खोबरेल नको. शेंगदाणा तेलाचं ९० च्या आसपास, सूर्यफुलाचं सव्वाशेच्या आगेमागे, करडईचं १४० च्या जवळ आणि जवसाचं १७० च्या वर. मग जवस सर्वांत चांगलं का नाही? थर फार कडक होतो, पण पुढे त्याच्या खपल्या निघतात. मी दोनदा अनुभवलं आहे. माझी पसंती करडईला. आमच्या जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या तालुक्यांत ती पूर्वीपासून पिकते, आणि तिचा थर चिवट होतो. करडई मिळाली नाही तर सूर्यफूल. घरात फक्त शेंगदाणा असेल तर तोही चालेल, हात (तेल लावून, पुसून, तापवण्याच्या फेऱ्या) थोडे जास्त द्यावे लागतील. घाण्याचं तेल असेल तर ते निवळलेलं घ्या, गाळ जळून डाग पडतात.

कृती अशी. तवा हाताला चटका न बसेल इतपत कोमट करा. जुन्या सुती धोतराच्या किंवा साडीच्या तुकड्यानं अर्धा चमचा तेल पुढे, मागे, कानाला, सगळीकडे चोळा. मग दुसरा कोरडा तुकडा घ्या आणि चुकून लागलं असावं अशा निश्चयानं सगळं तेल पुसून काढा. तवा जवळजवळ कोरडा दिसला पाहिजे. हे वाचून कुणी तेवढं पुसत नाही. मीही पहिल्यांदा पुसलं नव्हतं, आणि आठवडाभर तवा गुळाच्या पाकासारखा चिकट होता.

घरी ओव्हन किंवा मोठा ओटीजी असेल तर तवा पालथा घालून २३० अंशांवर तासभर ठेवा आणि आतच गार होऊ द्या. बहुतेकांकडे गॅसच असतो. दारं-खिडक्या उघडा, पाच मिनिटं मंद आच, मग मध्यम. तवा दर दोन मिनिटांनी सरकवत राहा म्हणजे काठालाही तेवढीच धग लागेल. धूर निघेल, मग ओसरेल. ओसरल्यावर आणखी ५-७ मिनिटं ठेवून बंद करा. गरम तव्यावर पाणी मारू नका, तडा तिथेच जातो. एकदम मोठी आच नको, आणि इंडक्शनवर तर सगळ्यात कमी आकड्यापासून सुरुवात. चूल असेल तर उत्तम : शेणीचे निखारे पसरा, ज्वाळ बसू द्या, त्यावर तवा पालथा घाला. माझ्या अनुभवात निखाऱ्याची धग सर्वांत सारखी लागते.

पहिल्या हाताला राखाडी रंग तपकिरी होईल, दुसऱ्या-तिसऱ्याला कॉफीसारखा, चौथ्याला काळपट. मी चार हात देतो आणि थांबतो. पुढचा काळेपणा स्वयंपाकातून येतो.

म्हणून पहिले पंधरा दिवस काय करायचं हे महत्त्वाचं. कढई असेल तर भजी, पापड, कुरडया तळा. तवा असेल तर थालीपीठ, धपाटे, घावन, आंबोळी, कडेनं तेल सोडून. त्याआधी एकदा अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवून तव्यावर फिरवा आणि करपेपर्यंत परता. कांद्याची जादू काही नाही, पण तेल सारखं पसरतं आणि लोखंडाचा वास जातो. टोमॅटो, चिंच, आमसूल, दही, कट, तांबडा रस्सा यांना दोन-तीन महिने थांबवा. आंबट पदार्थ कोवळा थर उतरवतात, भाजी काळी पडते आणि तोंडात लोखंडाची चव येते. ज्वारीच्या भाकरीसाठी मात्र वेगळा तवा ठेवा असं माझं ठाम मत आहे. भाकरीचा तवा कोरडा आणि कडक तापतो, वर पाण्याचा हात फिरतो, खाली पीठ जळतं. त्यात कोवळा थर टिकत नाही. एकाच तव्यावर भाकरी आणि आंबोळी दोन्ही करायच्या म्हटलं की आंबोळी चिकटणारच.

रोजची निगा थोडक्यात. वापरल्यावर तवा कोमट असताना गरम पाणी आणि शेंडी. थोडा भांड्याचा साबण लावला तर थर जात नाही. साबण नकोच हा नियम पूर्वीच्या, कॉस्टिक उरलेल्या साबणांमुळे पडला असावा. भिजत घालणं मात्र नको, खरकट्या भांड्यांच्या ढिगात रात्रभर तर मुळीच नको. धुतला की गॅसवर वाळवा, दोन थेंब तेल लावून पुसा. कामाला बाई येत असतील तर त्यांना हे स्वतः दाखवा किंवा तो तवा आपणच धुवा. त्यांनी प्रेमानं तारेनं घासून लख्ख केलेला तवा मी दोन घरांत पाहिला आहे.

पावसाळ्यात पाटण, जावळी, महाबळेश्वरकडे हवाच ओली असते. तिथे महिनाभर न वापरलेला तवा बंद कपाटात गंजतो. वर्तमानपत्रात गुंडाळून मांडणीच्या वरच्या फळीवर, भिंतीपासून सुटा ठेवा, आणि पंधरा दिवसांतून एकदा तापवा. भांड्यात भांडं ठेवायचं असेल तर मध्ये कागद.

काही बिघडलं तर : चिकट झालं असेल तर तेल जास्त झालंय, पालथं घालून तासभर नीट तापवा, नाही सुधारलं तर घासून परत पातळ हात द्या. एखादा गंजाचा ठिपका आला तर तेवढाच घासा, तेवढ्याच जागी तेल लावून तापवा, पूर्ण भांडं सोलायची गरज नाही. फडक्याला काळं लागत असेल तर ते बहुतेक जळक्या अन्नाचे कण असतात, मीठ आणि शेंडीनं जातात.

आप्पेपात्राला हे सगळं लागू आहे, फक्त वाट्यांमध्ये तेल साचतं. प्रत्येक वाटीत बोटाला फडकं गुंडाळून वेगळं पुसावं लागतं, आणि गॅसवर मधली वाटी काळी होते तेव्हा कडेच्या अजून तपकिरीच असतात. त्यामुळे तिथे चार नाही, सहा हात द्या, आणि प्रत्येक वेळी पात्र पाव फेरी फिरवा. सुरुवातीचे आप्पे कडेच्या वाट्यांत चिकटले तर सुरीनं खरवडू नका. पात्र थोडं गार होऊ द्या, लाकडी काडीनं कड सोडवा, ते सुटून येतात.